भावाचा गेम शोधताना

मला गेमचा तिटकारा होता, हे आधीच सांगून टाकते. रिक्षात बसून मोबाईलवर रंगीत गोळ्या फोडणाऱ्या बायका मला बघवत नाहीत. माझा धाकटा भाऊ रविवारचा अख्खा दिवस लॅपटॉपसमोर घालवायचा, तेव्हा मी त्याला ‘रिकामटेकड्या’ अशीच हाक मारायचे आणि तोही ‘ओ’ द्यायचा. तरी गेलं जवळजवळ वर्षभर मी रोज दुपारी फुकटचे गेम खेळत होते. ब्राउझरमध्ये उघडणारे, डाउनलोड न करावे लागणारे, कुणीतरी कुठेतरी घरी बसून एकट्याने बनवलेले. आवड लागली म्हणून नाही. दहाव्याला माझ्या भावाला कावळा शिवला नव्हता, म्हणून.

तो अंधेरीला एका कंपनीत सपोर्टला होता. साधा ताप म्हणून दाखल केला, डेंग्यू निघाला, आणि बघता बघता सगळं संपलं. बाबा आधीच गेले होते. मुलुंड पूर्वेच्या आमच्या घरात उरलो मी आणि आई.

दहाव्याला खाडीकडच्या घाटावर गेलो. भटजींनी पिंड मांडले. पानावर भात, शेजारी वडापाव, कटिंग चहा, आणि मामाने आईचं लक्ष नाही बघून हळूच एक सिगरेट ठेवली. पत्र्याच्या शेडवर कावळे होते, नव्हते असं नाही. शेजारच्या कुटुंबाच्या आजोबांना तर पान ठेवायच्या आत शिवला. आमच्या पानाकडे कुणी ढुंकून बघेना. इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून मग वचनं सुरू झाली. मामा म्हणाला, “तुझ्या आईला मी बघीन रे.” कुणी म्हणालं, तुझी बाईक विकणार नाही. कुणी म्हणालं, गणपतीला गावचं घर उघडू. मी हात जोडून म्हटलं, तुझ्या लॅपटॉपला कुणाला हात लावू देणार नाही, ये आता. आई एका कोपऱ्यात डोक्यावरून पदर घेऊन डोळे मिटून बसली होती. ऊन डोक्यावर आलं. भटजींना पुढचं काम होतं. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि म्हणाले, “झालं, उठा.”

झालं कसलं, डोंबल! घरी येऊन जो तो माझे कान खायला लागला. इच्छा राहिली हो पोराची. लग्न राहिलं. लग्न म्हणे! लग्नाचा विषय निघाला की हा बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचा. मी दोन-तीन जणींना तोंडावर सांगितलं, उगाच काहीही बोलू नका. पण रात्री अंथरुणावर पडलं की तेच डोक्यात. काय राहिलं असेल याचं?

आणि आईने मासे सोडले. आमची आई मालवणी बाई, सोमवार सोडला तर तिला मासळीशिवाय घास जात नाही. ती आमटीभात कालवून चिवडत बसायला लागली. कुणाशी बोलेना. खिडकीच्या ग्रिलवर कावळा बसला की मात्र हातात असेल ते घेऊन धावायची, लाटणं काय, उलथनं काय. मला वाटलं, राग आला असेल बिचारीला, तिच्या लेकाकडे पाठ फिरवली ना त्यांनी. ती दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि मला भीती वाटायला लागली की ही पण जाणार. मला एकच हवं होतं. त्याच्या मनात काय राहिलं होतं ते शोधायचं, पुरं करायचं, आणि आईला सांगायचं, बाई गं, सुटला तुझा मुलगा, आता चार घास नीट खा.

धागा मिळाला तो त्याच्या एका मित्राकडून. भेटायला आला होता, चहाचा कप हातात तसाच थंड करत बसला होता. बोलता बोलता म्हणाला, “ताई, तो गेम बनवायचा, माहितीये ना?” मला कसलं माहीत असतंय! मला वाटायचं खेळतो. मित्र म्हणाला, छोटे छोटे बनवून एका साईटवर टाकायचा, कुणीही फुकट खेळावेत असे. खोट्या नावाने टाकायचा, नाव कुणालाच सांगायचा नाही. “लाजायचा हो. शेवटचा एक मनापासून केला म्हणाला होता. मी लिंक मागितली तर म्हणाला, शोध तूच.”

झालं. मी ठरवलं, काय राहिलं असेल ते यातच असणार.

लॅपटॉपचा पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता. आईचं नाव घातलं, बिल्डिंगचं घातलं, त्याच्या आवडत्या हॉटेलचंही घातलं. उघडेना. स्टेशनजवळचा दुकानदार म्हणाला, “मॅडम, फॉरमॅट मारून देतो, एकदम नवा होईल.” मी म्हटलं, तुझं डोकं फॉरमॅट मार आधी. लॅपटॉप परत घरी आणला आणि ऑफिसमधल्या एकीचा जुना मागून घेतला. मित्राने साईट उघडून दिली, फुकटचे आणि ब्राउझरमध्ये चालणारे एवढेच कसे दिसतील ते दाखवलं. मी स्क्रोल करत गेले आणि चित्रं काही संपेनात. बापरे, केवढी माणसं ही, आणि सगळी फुकट वाटत बसलीत!

मी पॅथॉलॉजी लॅबच्या कलेक्शन सेंटरवर बसते. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची गर्दी, दुपारी घरी. आई आतल्या खोलीत आडवी व्हायची आणि मी हॉलमध्ये लॅपटॉप उघडायचे. सुरुवातीला वाट लागली माझी. चालायला एक बटण, वळायला दुसरं, उडी मारायला तिसरं. माझी माणसं भिंतीला डोकं लावून जागच्या जागी चालत राहायची. एका गेममध्ये नुसतं कुंडीला पाणी घालायचं होतं, तेही मी रोप कुजवून मारलं. एकात विझणारा दिवा घेऊन अंधाऱ्या घरात फिरायचं होतं. एकात मेलेल्या बाहुलीने अचानक तोंड काढलं, मी किंचाळले आणि वरच्या मजल्यावरच्या काकू विचारायला खाली आल्या. काही गेम तर अर्धवट सोडून दिलेले, दार उघडलं की पुढे नुसता पांढरा पडदा. त्यांचा मला फार राग यायचा. अरे, करायचं तर पुरं करा ना! फुकट म्हणून काय काहीही वाढून ठेवायचं?

पण हळूहळू दुसरंच काहीतरी व्हायला लागलं. हे गेम एकट्या माणसाने केलेले असतात. टेबलावर अर्धा प्यालेला कप कुणीतरी मुद्दाम काढलेला असतो. भिंतीवर वाकडं कॅलेंडर असतं. त्या खोल्यांमध्ये कुणीच नसतं, आणि मला वाटायचं, हा आत्ताच इथून उठून गेलाय. खुर्ची जराशी मागे सरकवलेली दिसली की मी तिथेच थांबायचे. आमचा भाऊ जेवून उठला की खुर्ची कधी आत सारायचा नाही. आता मला सगळ्या जगाच्या खुर्च्या त्यानेच सरकवलेल्या दिसायला लागल्या. भर दुपारी, पंखा फिरतोय, खाली भाजीवाला ओरडतोय, आणि मी हलक्या आवाजात स्क्रीनला विचारतेय, “तू आहेस का रे इथे?”

एक गेम लिफ्टचा होता. नुसती लिफ्ट, प्रत्येक मजल्यावर दार उघडतं आणि कुणी ना कुणी आत येऊन आपलं दुःख सांगतं. मध्येच ती लिफ्ट अडकते आणि बाहेरून कुणीतरी दार ठोकतं. आमच्या बिल्डिंगची लिफ्ट आठवड्याला अडकते, आणि हाच जाऊन दार ठोकायचा. मी खात्रीच धरली. ढसाढसा रडले. खाली प्रतिक्रिया लिहायची सोय असते तिथे लिहिलं, तुम्ही मुलुंडचे का? आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं! कुठल्यातरी थंड देशातली मुलगी होती. तिने विचारलं होतं, मुलुंड म्हणजे काय?

मेलेल्या माणसाकडून उत्तराची वाट बघत मी अख्खा दिवस काढला होता. त्या मुलीचा मला इतका राग आला की सांगता सोय नाही. तिचा काय दोष म्हणा. जिवंत होती, एवढाच.

त्या साईटवर एक चित्र होतं ज्याच्यावरून मी नेहमी घाईघाईने पुढे जायचे. पिवळ्यावर काळा कावळा. कावळा बघायची माझी ताकदच नव्हती. इतके महिने गेले, भलते भलते गेम खेळून झाले, पण तेवढा एक मी उघडला नाही. एका दुपारी लॅबमध्ये एका म्हातारीची शीर सापडेना, सगळ्यांची चिडचिड झाली, घरी आले तर आईने ताट तसंच झाकून ठेवलेलं. डोकं फिरलं माझं. म्हटलं, बघूया तरी या मेल्या कावळ्यांना काय हवं असतं. आणि उघडला.

गेममध्ये आपणच कावळा असतो. खाली एक घाट, पायऱ्या, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मध्ये पानावर भात. सगळं ठिपक्याठिपक्यांचं, शाळेत आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढतात तसं. बाणाच्या बटणांनी उडायचं. मी जरा वर उडाले तर घाटामागे इमारती दिसल्या, आणि एका गच्चीवर पाण्याच्या टाकीला निळं प्लास्टिक गुंडाळलेलं, एक टोक सुटून फडफडतंय. आमच्या गच्चीवर अशीच टाकी आहे. पण मी लिफ्टच्या वेळी तोंडघशी पडले होते, म्हणून स्वतःला दटावलं, गप्प बस, टाक्या सगळीकडे असतात.

मग मी स्पेसबार दाबला, आणि कावळा ओरडला.

तो कावळ्याचा आवाज नव्हता. माणसाने तोंडाने काढलेला होता. आधी घसा किंचित खाकरलेला, आणि मग “काव”. जरासा घोगरा. फोनवर ‘हॅलो’ म्हणायच्या आधी तो असाच खाकरायचा.

माझा हात बटणावर होता तसाच राहिला. घरात त्याचा आवाज कुठेच उरला नव्हता. फोनमध्ये त्याने आम्हाला नुसते फोटो पाठवलेले, नाहीतर ‘उशीर होईल’ असे मेसेज. मी परत दाबलं. काव. परत दाबलं. काव. अंगावर काटा येत होता आणि मी दाबत होते.

खालची माणसं वचनं द्यायला लागली, डोक्यावर इंग्रजीतली छोटी छोटी वाक्यं. आम्ही घर विकणार नाही. आम्ही भांडणार नाही. हे त्याने बाबा गेल्यानंतर केलेलं असणार. मी भाताकडे उतरायला खालचा बाण दाबला, तर पानाजवळ जाताच कावळा आपोआप वर फेकला गेला. परत गेले, परत फेकला गेला. म्हटलं, झालं, यानेही अर्धवटच सोडला! खाली प्रतिक्रियांमध्ये कुणा परदेशी माणसानेही तेच विचारलं होतं, उतरता येत नाही, गेम बिघडलाय का? त्याखाली माझ्या भावाचं उत्तर होतं. बिघडलेला नाही. कोपऱ्यातली बाई त्याला येऊ देत नाहीये. तिच्याजवळ जा आणि हाक मारत राहा, सोडेल ती. आणि शेवटी, त्या अनोळखी गोऱ्याला, “पेशन्स ठेव ना यार.”

हसू आलं मला. खरंच सांगते, रडता रडता हसू आलं.

कोपऱ्यात हिरव्या साडीतली एक बाई होती, डोक्यावरून पदर घेतलेली. तिला नाकडोळे काही नव्हते. सगळे बोलत होते, ती गप्प. मी कावळा तिच्याजवळ नेला. तिच्या डोक्यावर अक्षरं उमटली, इंग्रजी लिपीत, पण शब्द आमच्या घरातले. ‘येव नको.’

मला काही कळेना. मी स्पेसबार दाबला. काव. तिने मान हलवली, नाही. काव, काव, काव. आवाज बराच मोठा लागला असणार, कारण आई आतल्या खोलीतून उलथनं घेऊन धावत आली.

“खंय आसा मेलो?” ती थेट खिडकीकडे गेली. ग्रिलवर कावळा नव्हता. ती वळली. माझं बोट चुकून परत बटणावर पडलं. काव.

आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. तिने काही विचारलं नाही. आईला काय विचारावं लागतं? ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “परत लाव.”

मी परत लावलं. मग तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. “ही कोण? काय लिवलेला आसा तिच्यावर?”

“येव नको,” मी वाचलं.

आईने स्क्रीनवरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाली, “ह्या मिया फक्त तेकाच सांगलेलंय.”

“काय सांगितलेलंस?”

“तुझ्या बापाशीच्या दहाव्याक सगळे ‘ये ये’ म्हणत होते. मिया मनात सांगत होतंय, येव नको. शिवलो म्हणजे सुटलो. सुटलो म्हणजे गेलो गो, कायमचो.” बाबांना कावळा फार उशिरा शिवला होता, भटजी वैतागले होते, ते मलाही आठवत होतं. “घराक इल्यावर तुझ्या भावाक सांगलंय. हसलो. म्हणालो, आई, तुझ्यापायी भटजी उपाशी रवलो.”

मी विचारलं, “आणि याच्या वेळी?”

आईने माझ्याकडे बघितलं नाही. “तेच्या वेळी तर ओरडान सांगलंय. मनातल्या मनात.”

संताप आला मला. अख्खं वर्ष! लोकांची बोलणी मी खाल्ली, नाही नाही त्या रिकाम्या घरांतून त्याला शोधत फिरले, आणि ही बाई घरात बसून त्याला धरून होती. दर्भाचा कावळा तिच्या हिशेबात नव्हताच. गवतच ते. खिडकीतले कावळे ती हाकलत होती ते रागाने नाही. एखादा येऊन तिच्या हातचं काही खाईल आणि तो सुटेल, म्हणून. मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण ती दोन्ही हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसली होती, आणि इतकी लहान दिसत होती की माझ्याच्याने काही बोलवेना.

“हाक खयच्या बटणान मारतत?” तिने विचारलं.

मी दाखवलं. ती दाबायला लागली. काव. हिरव्या साडीतल्या बाईने मान हलवली. काव. परत मान हलली. मी इतका वेळ दाबलंच नव्हतं. आईचं बोट न थांबता, विळीवर खोबरं खवतात तसं एका लयीत चाललं होतं. मध्येच ती थांबली.

“ह्यो भुकेचो आवाज गो,” ती म्हणाली. “ल्हान आसताना शाळेतसून इलो काय दारातसूनच अशी हाक मारी. पानात काय आसा ता बघूच्या आधी.”

मी म्हटलं, “आई, तो गेम आहे.”

“माका कळता गेम आसा तो.” ती म्हणाली. “उपाशी ठेवलंय गो मिया तेका. वरीसभर झिलाक उपाशी ठेवलंय.”

आणि ती रडली. तो गेल्यापासून पहिल्यांदा. मी तिला जवळ घेतलं, तर तिने मला दूर केलं आणि डोळे न पुसता परत बटण दाबायला लागली. काही वेळाने स्क्रीनवरची ती बाई उठून उभी राहिली. पदर सारखा केला, पानाच्या वाटेतून बाजूला झाली. बाकीची माणसं गप्प झाली. कावळा वर घिरट्या घालत होता.

“आता हा दाबायचा,” मी खालचा बाण दाखवला. “दाबला की तो उतरेल.”

आईने बोट बाणावर ठेवलं आणि तसंच ठेवलं. खाली शाळेची बस येऊन गेली, पोरांचा गलका झाला आणि विरला. मग ती हळूच म्हणाली, “जेव रे बाबा,” आणि दाबलं.

कावळा उतरला. भात खाल्ला, चांगला वेळ घेऊन खाल्ला. माणसांनी हात जोडले. मग तो उडाला, निळ्या प्लास्टिकच्या टाकीवरून, डोंगराकडे, आणि स्क्रीनच्या बाहेर गेला. मागे नुसतं पिवळं आभाळ राहिलं.

आईने स्पेसबार दाबला. आवाज आला नाही. तिने परत दाबला. मग माझ्याकडे बघितलं.

“गेला,” मी म्हटलं.

त्या आभाळाच्या खालच्या कडेला बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, पुन्हा खेळा. आईला इंग्रजी वाचता येत नाही. मी तिला वाचून दाखवलं नाही.